आईला कामावरून काढण्याची रीत

सहा वाजून चाळीस मिनिटांनी घड्याळ वाजते. आई ते बंद करते. सहा बेचाळीसला आई पडदा सरकवते आणि आकाशाविषयी एक वाक्य बोलते. त्याला उत्तर देण्याची आवश्यकता नसते. सहा पंचेचाळीसला आई माझे पाय पलंगाच्या कडेला आणते, आधी डावा, कारण उजवा रात्रभरात लाकूड झालेला असतो आणि त्याची समजूत काढावी लागते. सहा पन्नासला आई मला चाकांच्या खुर्चीत बसवते. सात ते सात पंचवीस न्हाणीघर. आई पाण्याचा अंदाज घेते, आई अंग धुते, आई कपडे चढवते, मोजे शेवटी. साडेसातला आई लिंडेनच्या फुलांचा चहा करते आणि पेल्यातली नळी माझ्या बाजूला वाकवते. चीज घातलेली, पापुद्र्यांची भाजलेली बनित्सा असेल तर आई तिचे बोटभर तुकडे करते. नसेल तर पाव आणि भाजलेल्या मिरच्यांची चटणी. सात पन्नासला आई माझ्या कानांवर हेडफोन चढवते. आठला मी कामाला लागते आणि आई पहिली सिगारेट ओढायला बाल्कनीत जाते.

अर्जातल्या सातव्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर ते एवढे. प्रश्न असा होता: ‘तुमची नेहमीची सकाळ मिनिटागणिक लिहा. तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाला ती वाचून काम करता आले पाहिजे.’ उत्तर मी एका दुपारी लिहिले, स्वतःवर खूश झाले आणि पोर्तुगालमधल्या सेतुबाल गावी पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी तिथल्या संस्थेच्या ग्रासा नावाच्या बाईंकडून उत्तर आले.

‘प्रिय रालित्सा, तुझी सकाळ वाचली. चांगली लिहिली आहेस. तीत ‘आई’ नावाचे एक उपकरण अकरा वेळा आले आहे. आमच्याकडे सेतुबालमध्ये ते मिळत नाही. कृपया त्याच्याशिवाय पुन्हा लिही. मुदत एकवीस जून. — ग्रासा.’

मला इतके हसू आले की उजव्या पायाने स्वतःच्या मर्जीने टेबलाला लाथ मारली. मी तेव्हा कामावर होते. आमच्या गावातल्या आठही टॅक्सींचे फोन मी घरी बसून घेते आणि कोणत्या चालकाने कुठे जायचे ते सांगते. पाच नंबरचा पंचो लाइनवर होता.

“काय फुटलं गं?”

“काही नाही. पाय.”

“मग ठीक. मला वाटलं काही महागाचं.”

देवाणघेवाण हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. अपंगांच्या जिल्हा संघटनेमार्फत मी चार देशांना जाऊन आले होते, प्रत्येक वेळी दहा दिवसांसाठी. रोमानियात मी निळ्या रंगात तळवा बुडवून कापडावर उमटवला. लिथुआनियात स्वतःची भीती फुग्यावर लिहून तो फुगा टाचणीने फोडायचा होता. माझी भीती अशी होती की कुणी तरी मला भीती फुग्यावर लिहायला लावील, त्यामुळे माझे काम लवकर आटोपले. स्लोव्हेनियात धडधाकट तरुणांना आमचे जीवन कळावे म्हणून एकेक तास चाकांच्या खुर्चीत बसवले होते. त्यातल्या दोघांना रडू आले आणि तिसऱ्याने शर्यत लावून खुर्चीचे चाक वाकवले. ती खुर्ची माझी होती. शेवटच्या संध्याकाळी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात आणि प्रमाणपत्रे वाटली जातात.

या चारही वेळी सोबत म्हणून आई होती. नियमाप्रमाणे मदतनिसाचा प्रवासखर्च कार्यक्रमाकडून मिळतो, आणि आईने त्या नियमाचे सोने केले. तिला सगळ्या देशांत मैत्रिणी झाल्या. लिथुआनियातल्या सांस्कृतिक संध्येला तिने चाळीस माणसांना गोल धरून नाचवले. त्या संध्येच्या छायाचित्रात मध्यभागी आई आहे आणि डाव्या कडेला माझे अर्धे चाक. देवाणघेवाण खऱ्या अर्थाने तिचीच झाली असे मी म्हणते, आणि त्यात तक्रार थोडीच आहे.

सेतुबालचे प्रकरण वेगळे होते. तिथली संस्था अपंग माणसेच चालवतात. फुगे नाहीत, कापड नाही. खुर्च्या चढवता येतील अशा त्यांच्या बारा गाड्या आहेत, आणि गाड्यांचे फोन घेणारे माणूस त्यांना दहा महिन्यांसाठी हवे होते. मदतनीस तिथलेच. त्यांची एक यादी असते. त्यांतून आपण निवडायचे, काम आपण सांगायचे, पटले नाही तर बदलायचे. मी पहिल्यांदा ग्रासाशी पडद्यावर बोलले तेव्हा ती विजेच्या खुर्चीत बसून सिगारेट ओढत होती आणि सिगारेट तिच्या तोंडात धरणारा हात दुसऱ्या कुणाचा तरी होता.

“हा हात दुआर्तेचा,” ती म्हणाली. “दुआर्ते चांगला आहे. पण त्याला सांगावं लागतं. सांगितलं नाहीस तर दिवसभर तो नुसता उभा राहील, आणि ते बरोबरच आहे. तुला सांगता येतं का?”

“मी आठ टॅक्सीवाल्यांना सांगते.”

“त्यांना गाव माहीत असतं. दुआर्तेला तुझा डावा पाय माहीत नाही.”

घरी मी यातले काही सांगितले नव्हते. आईला एवढेच ठाऊक होते की या खेपेला पोर्तुगाल आहे. तिने निळ्या ठिपक्यांचा पोहण्याचा पोशाख आणून ठेवला होता.

न सांगण्याचे कारण नुसता भित्रेपणा नव्हते. आई माझी नोकर आहे. हे मी थट्टेने म्हणत नाही. तसा करार आहे, त्यावर नगरपालिकेचा शिक्का आहे. मला जितकी मदत लागते तितके तास महिन्याला ठरतात. त्या तासांपुरती आई माझी वैयक्तिक सहायक, पगार नगरपालिका देते आणि महिनाअखेरीस तिच्या हजेरीच्या तक्त्यावर सही मी करते. विणकामाचा कारखाना बंद पडला तेव्हा आईची सतरा वर्षांची नोकरी गेली. त्यानंतर किती तरी वर्षे ती हीच सगळी कामे फुकट करत होती आणि सरकारच्या लेखी काहीच करत नव्हती. ही नेमणूक झाल्यापासून तिचे पेन्शनीचे महिने पुन्हा भरू लागले. आता चौदा उरले होते. मी दहा महिने परदेशी गेले तर करार संपणार आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला आमच्या गावात दुसरी नोकरी मिळणार नाही. म्हणजे माझे सेतुबालला जाणे आणि आईचे म्हातारपण ही एकाच दोरीची दोन टोके होती, आणि दोरी माझ्या हातात होती. माझ्या हातांचा भरवसा किती ते मला ठाऊक आहे.

तरीही उत्तर पुन्हा लिहायला हवे होते. लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की मला ते येत नाही. पाण्याचा अंदाज आई घेते, कसा घेते? पलंगावरून खुर्चीत नेताना ती आधी कुठे हात घालते? उजव्या पायाची समजूत ती नेमकी कशी काढते, चोळून की वाट पाहून? एकतीस वर्षे मी या शरीरात राहते आहे आणि त्याच्या सगळ्या किल्ल्या दुसऱ्याच बाईकडे आहेत.

तेव्हा मी तिला रात्रीच्या जेवणावर म्हटले, “उद्यापासून सकाळी मी सांगेन तेवढंच करायचं. न सांगता काही नाही.”

“का?”

“अर्जासाठी लागतंय. सराव.”

“बरं मालकीणबाई,” आई म्हणाली, आणि ज्या तत्परतेने म्हणाली त्यावरूनच मला पुढचे समजायला हवे होते.

सकाळी घड्याळ वाजत राहिले. आई दारात हाताची घडी घालून उभी होती.

“बंद कर.”

“काय?”

“घड्याळ.”

तिने बंद केले आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

“पडदा.”

“पडद्याचं काय? धुवायला टाकू?”

“सरकव.”

“कुठल्या बाजूला?”

“आई!”

“दुआर्ते काय करेल सांग. दुआर्तेला ठाऊक असणार आहे का आपला पडदा कुठल्या बाजूला सरकतो?”

दुआर्तेचे नाव तिला ठाऊक होते याचा अर्थ मी पडद्यावर बोलत असताना ती बाल्कनीत नव्हती, दाराआड होती. मी ते न ऐकल्यासारखे केले. सात वाजून दहा मिनिटांनी माझा डावा पाय पलंगावरून खाली आला आणि उजवा छताकडे पाहत राहिला. साडेसातला मी आईला पाणी गरम करायला सांगितले. किती ते सांगितले नाही. तिने तितकेच केले. मी किंचाळले. “गरमच सांगितलं होतंस,” ती शांतपणे म्हणाली. आठ वाजता मी न्हाणीघरात एका मोज्यावर होते आणि फोन वाजत होता. आईने तो उचलून माझ्यासमोर धरला, कारण धर असे मी सांगितले होते. कानाला लाव असे सांगितले नव्हते. लांबूनच पंचोचा आवाज येत होता.

“राली! गाव बंद आहे का आज? की सगळे मेले?”

“दवाखान्याजवळ थांब,” मी ओरडले. “कुणी ना कुणी येईलच.”

“तू ओरडतेस का?”

“फोन लांब आहे!”

“मग जवळ घे की.”

त्या दिवशी मी पस्तीस मिनिटे उशिरा कामाला लागले, पाच वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी मी पाण्यात स्वयंपाकघरातला तापमापक बुडवायला लावला आणि आकडा शोधला: अडतीस. उजवा पाय चोळायचा नसतो हे चौथ्या दिवशी समजले; गुडघ्याखाली तळवा ठेवून पन्नास अंक मोजायचे असतात, मग तो आपणहून वाकतो. आई मनात अंक मोजते हे मला कधी कळले नव्हते. मला वाटायचे ती गप्प असते.

या चार दिवसांत आईचा खोडसाळपणा कमी झाला नाही, पण त्यात बदल झाला. ती चुका शोधू लागली. “काखेत हात घाल म्हणालीस. कुठल्या? दुआर्ते बुटका असला तर?” मी सुधारत गेले. पाचव्या दिवशी आठला दहा कमी असताना माझ्या कानांवर हेडफोन होते आणि उरला होता डावा मोजा. आई तो हातात घेऊन गुडघ्यावर बसली होती.

“दहा दिवसांसाठी एवढा सराव?” ती म्हणाली. “मी असणारच आहे की तिथं. समुद्र सप्टेंबरात तापलेला असतो म्हणे.”

“दहा महिने आहेत, आई. आणि तू नाहीस.”

मोजा तिच्या बोटांत तसाच होता. बाहेर कुणी तरी गालिचा झटकत होते.

“चढवू का हा?” तिने विचारले. “सांगितलं नाहीस तू.”

भांडण संध्याकाळी झाले, कारण दोघींना दिवसभर काम होते. ते आमच्या घरच्या रीतीने झाले: आई भांडी घासत बोलते, म्हणजे पाठमोरी, आणि मला माझी खुर्ची स्वतः वळवता येत नाही, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बोलते.

“कोण करणार तुझं?”

“चार जण. पाळीपाळीने. मी निवडायचे.”

“पुरुष?”

“एक आहे.”

“अनोळखी माणूस तुझं ढुंगण पुसणार?”

“ओळखीच्या माणसाने पुसण्यात काय विशेष फायदा असतो ते मला आजवर कळलेलं नाही.”

“मी तीस वर्षं पुसलं.”

“माहीत आहे.”

“आणि अजून चौदा महिने पुसायचं आहे. चौदा, राली. मग तू चंद्रावर जा.”

“चौदा महिन्यांनी ती जागा नसेल.”

भांड्यांचा आवाज थांबला. “सोबतीला मदतनीस नेता येतो की नाही? मागे चार वेळा नेता आला.”

खोटे बोलणे शक्य होते. “येतो,” मी म्हटले. “स्वतःचा मदतनीस न्यायचा असेल तर नेता येतो. त्याचा पगारही तेच देतात. सातवा प्रश्नही मग लिहावा लागत नाही.”

“मग प्रश्नच मिटला! मी येते. अधिकृत. तिकडचा पगार पेन्शनीत धरतात की नाही ते मी विचारून घेते.”

“मला तू नको आहेस तिथं.”

माणसाने बोलायची वाक्ये असतात आणि न बोलायची असतात. हे कुठल्या प्रकारातले ते मी आजही ठरवू शकलेले नाही. पण ते खरे होते. मला समुद्राचे आकर्षण नव्हते, बारा गाड्यांचेही फारसे नव्हते. मला हे पाहायचे होते की अडतीस हा आकडा मी अनोळखी माणसाला सांगितला आणि त्याने तो मानला तर जे उरते ते कोण असते. आई बरोबर असती तर ते पाचव्या देशातही छायाचित्राच्या कडेलाच उरले असते.

आईने हात पुसले. मग माझी खुर्ची वळवली, न सांगता, आणि माझ्या समोर बसली.

“मी राजीनामा देणार नाही,” ती म्हणाली. “मी काही चुकीचं काम केलेलं नाही. नको असेन तर तू काढून टाक मला. तू मालकीण आहेस ना? सही येते ना तुला?”

त्यानंतर तीन दिवस आमच्यात फक्त सूचना झाल्या.

या तीन दिवसांत मी एक गोष्ट केली जी आईला शोभली असती. गेनोव सरांना फोन लावला. शाळेला अठरा पायऱ्या होत्या म्हणून लहानपणी मला शिकवायला मास्तर घरी येत, त्यांतले हे भूगोलाचे. मधुमेहाने त्यांचे दोन्ही पाय गेले. त्यांच्याकडे सहायक टिकत नाही हे माझ्याइतके कुणालाच ठाऊक नाही, कारण सहायक निघून गेली की ते चुरमुऱ्यासारख्या कुरकुरीत आवाजात टॅक्सी मागवून गावभर फिरतात. या महिन्यात तीनदा मागवली होती.

“सर, मदतनीस हवी आहे का?”

“नको. मला गप्प बसणारं माणूस हवंय. ते मदतनिसांत नसतं.”

“माझी आई मोकळी होणार आहे.”

“स्तोयान्का? ती पत्त्यांत फसवते.”

“तुम्हीही फसवता.”

“मी शिक्षक होतो. मला अधिकार आहे. मोकळी का होणार आहे?”

मी सांगितले.

“पोर्तुगालला शेजारी किती?”

“एक.”

“एकच. त्यामुळे भांडणं कमी. जा.” मग ते म्हणाले, “स्तोयान्काला विचारलंस का?”

“अजून नाही.”

“म्हणजे तिला न विचारता तिची सोय लावतेस. मुलगी अगदी आईवर गेलीय. हे बघ, यायचं असेल तर तिनं स्वतः यावं. मी माणसं पार्सलने मागवत नाही.”

मी आईला सांगितले. ती म्हणाली, “त्या थेरड्याकडे? मी उपाशी मरेन, पण त्याच्याकडे जाणार नाही.” ती बराच वेळ कांदे चिरत राहिली. “त्याच्याकडे अजून ती मांजर आहे का?” तिने विचारले, आणि मी आहे म्हटल्यावर विषय संपला. त्यातून मला काही अर्थ काढता आला नाही.

अठरा तारखेला ग्रासाचे स्मरणपत्र आले. एकच ओळ होती: ‘जागा तुझीच आहे; स्वतःचा मदतनीस आणणार, की उत्तर लिहिणार?’

त्या दुपारी दोन वाजता माझी कामाची पाळी संपल्यावर मी उत्तर लिहिले. ते आधीच्यापेक्षा तिप्पट लांब झाले. त्यात अडतीस अंश होते, पन्नास अंक होते, काख कुठली ते होते, बुटक्या माणसाने काय करायचे ते होते, आणि मोजा उलटा करून टाचेपर्यंत आधी चढवायचा असतो हे होते. आई हा शब्द नव्हता. पूर्ण वाचून पाहिले तेव्हा लक्षात आले की प्रत्येक ओळ तिचीच आहे. माझ्या बोटाला पाठवण्याचे बटण दाबायला तीन वेळा प्रयत्न करावे लागले; हे नेहमीचेच आहे, त्यात अर्थ शोधू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला सांगितले, “निळा सदरा.”

“निळ्याला बटणं जास्त आहेत.”

“निळाच.”

तिने माझ्याकडे पाहिले. निळा सदरा कचेरीच्या कामाचा आहे. तिने बटणे लावली, वरून खाली, सांगितल्याप्रमाणे.

“कॉलर,” मी म्हटले.

“कॉलर काय?”

“सरळ कर.”

ती तिने केली.

काम संपल्यावर मी पंचोला घरी बोलावले. त्याने मला मागच्या आसनावर घातले, खुर्ची डिकीत कोंबली आणि सवयीप्रमाणे विचारले, “कुठं जायचं, सरकार?”

“नगरपालिका.”

“उतारावरून?”

“वेडा आहेस का? खिडकीवरून.”

आमच्या नगरपालिकेच्या दारात खुर्च्यांसाठी बांधलेला उतार इतका खडा आहे की हिवाळ्यात पोरे त्यावरून घसरगुंडी खेळतात. म्हणून आमच्यासारख्यांची कामे तळमजल्याच्या मागच्या खिडकीतून होतात. आपण खाली थांबायचे, पंचोने काचेवर टकटक करायची आणि समाजकल्याणाच्या येल्काबाईंनी खिडकी उघडून कागद बाहेर काढायचे. चौकट बरोबर माझ्या छातीच्या उंचीची आहे. इतके सोयीचे टेबल इमारतीच्या आत नसेल.

“हजेरीपत्रक?” येल्काबाईंनी विचारले. “अजून महिना संपायचाय.”

“नाही. सहायकाची नेमणूक संपवायची आहे. एकतीस ऑगस्टपासून.”

येल्काबाई चष्मा पुसू लागल्या. “सोमवारी तुझी आई येऊन गेली,” त्या म्हणाल्या. “तासभर उभी होती इथंच, खिडकीपाशी, आत ये म्हटलं तरी येईना. राजीनामा दिला तर बेकारभत्ता किती, आणि काढून टाकलं तर किती. काढून टाकलं तर पूर्ण मिळतो, आणि भत्त्याचे महिने पेन्शनीत धरतात. मी तिला लिहून दिलं. दोनदा वाचून घेतलं तिनं.”

सोमवार म्हणजे भांडणाच्या आधीचा दिवस.

“काय झालं?” पंचोने विचारले.

“काही नाही. कागद द्या, बाई.”

त्यांनी कागद चौकटीवर ठेवला आणि उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर आपला चहाचा पेला ठेवला. नेमणूक संपवण्याच्या कारणासाठी तीन चौकोन होते. पहिला: लाभार्थीचा मृत्यू. दुसरा: लाभार्थीची संस्थेत रवानगी. तिसरा: इतर.

“तिसऱ्यावर आजवर कुणी खूण केलेली नाही,” येल्काबाई म्हणाल्या. “पुढं काय लिहायचं असतं ते मलाही ठाऊक नाही. थोडक्यात लिही. जागा कमी आहे.”

पंचोने पेन माझ्या मुठीत बसवले, अंगठा वर, बोटे खाली, मी सांगितल्याप्रमाणे. मी तिसऱ्या चौकोनावर फुली मारली आणि पुढे लिहिले: ‘प्रवास’. अक्षरे जागेबाहेर गेली आणि शेवटचे अक्षर दुसऱ्या चौकोनावरून आडवे पडले. येल्काबाईंनी ते पाहिले आणि चालेल म्हणाल्या. सही करायला मला चार मिनिटे लागतात. त्या मिनिटांत पंचोला दोन फोन आले आणि त्याने ते घेतले नाहीत. येल्काबाई खिडकीत कोपर टेकून उभ्या राहिल्या.

मग त्यांनी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, एक आत नेली आणि दुसरी घडी करून माझ्या मांडीवर ठेवली.

“आता कुठं?” पंचोने विचारले.

“घरी,” मी म्हटले. “ही आईची प्रत आहे. तिला द्यायची आहे.”